खमीसनं आणलेला निरोप

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मी आमची खाण दाखवायला गेले. ओमानमधल्या सोहारची औद्योगिक वसाहत मागे टाकली की डोंगराच्या बाजूला एक रस्ता वळतो, आणि तो जिथे संपतो तिथे आमचं गाव होतं. नातू गाडीतून उतरला, चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, पण व्हेअर इज इट?" आता त्या लेकराचा काय दोष? कुंपणाची तार, तारेपलीकडे हिरवट काळ्या दगडांचा ढीग, क्वार्टरांचे नुसते ओटे राहिलेले, आणि एका ओट्याला फोडून वर आलेलं काटेरी झाड. मी म्हटलं, अरे, ते झाड आहे ना, ते आमच्या स्वयंपाकघरात उभं आहे. त्याला वाटलं आजी गंमत करते. तो फोटो काढून परत एसीत जाऊन बसला. मी मात्र उन्हात उभी राहिले आणि माझ्याच लक्षात आलं, की मी कान देऊन ऐकते आहे. ऐकायला काही नव्हतं. सगळं बंद पडून जमाना झाला, पण पाय त्या जमिनीला लागले की कान आपोआप तो आवाज शोधतात.

तो आवाज पंपांचा. लोकांना वाटतं खाण म्हणजे दगड फोडायचा. बाबा म्हणायचे, दगड कोणीही फोडेल, खाण म्हणजे पाणी. भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि तिथून ते इथे, ओमानच्या तांब्याच्या खाणीत, पंपांचे इंजिनिअर म्हणून आले. वर प्यायला थेंब नाही, पाण्याचा टँकर यायचा, आणि खाली जमिनीच्या पोटात मात्र उपसून उपसून पाणी संपत नव्हतं. ते पंप दिवसरात्र चालायचे आणि त्यांची घरघर डोंगरातून आमच्या फरशीत उतरायची. फडताळातली भांडी बारीक थरथरत असायची. आई त्याला 'तुझ्या बाबाचं घोरणं' म्हणायची. जेवता जेवता आवाजात जरा फरक पडला की बाबा घास हातात धरून थांबायचे, मान तिरकी करायचे, आणि आवाज पुन्हा सरळ झाला की तोच घास तोंडात घालायचे. मला त्याचा भारी राग यायचा. मी काही सांगत असले की हमखास तेव्हाच यांचा पंप खोकायचा.

आईचं राज्य स्वयंपाकघरात. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तिचं ज्वारीचं पीठ आणि भिवापुरी तिखट असायचंच, मग तो माणूस ओळखीचा असो नाहीतर नसो. पाटवड्यांचा रस्सा केला की लाल तर्री अशी वर यायची की शेजारच्या साठेकाकू खिडकी लावून घ्यायच्या. काकू पुण्याच्या. मनानं चांगल्या, पण आईचं बोलणं ऐकून त्यांना हसू आवरायचं नाही. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, ते ऐकून काकू तोंडाला पदर लावायच्या. आई म्हणायची, हसू दे बापा, तिचं काय जाते. पण अरबी मात्र काकूंपेक्षा आईलाच जास्त यायचं. काकू दुकानात इंग्रजी बोलायच्या. आई बोटं, भुवया आणि पन्नास-साठ अरबी शब्द यांवर सगळा बाजार करून यायची. तिचा सगळ्यात लाडका शब्द खलास. आमच्या नागपूरकडे खलास म्हणजे माणूस मेला, नाहीतर कोणी मारला. इथे खलास म्हणजे नुसतं संपलं, झालं. दुकानदारानं पहिल्यांदा 'दूध खलास' म्हटलं तेव्हा ती हसून हसून वाकली होती. मग तिच्याच जिभेवर तो जाऊन बसला. भांडे खलास, अभ्यास खलास, वेणी खलास, आता पळ.

ही अरबी तिला शिकवली ती सैफनं. सैफ बाबांच्या हाताखाली सगळ्यात खालच्या पंपावर असायचा. जाड, दाढीत पांढरं आलेला, पाच लेकरांचा बाप, आणि हसायला लागला की क्वार्टरभर ऐकू जायचा. महिन्यातून एकदा तरी तो सोहारहून मासळी आणि वाळवलेली काळी लिंबं घेऊन यायचा, आईला 'सिस्टर' आणि बाबांना आमचं ऐकून 'बाबा'च म्हणायचा, आणि पाटवड्यांचा रस्सा मागून खायचा. एक घास, डोळ्यांतून पाणी, अल्ला अल्ला, आणि पुन्हा वाटी पुढे. त्याचा धाकटा भाऊ खमीस कंपनीची पिकअप चालवायचा. तो इतका लाजरा की घरात पाऊल ठेवायचा नाही. गाडीतच बसून राहायचा आणि आई त्याचं ताट खिडकीतून द्यायची. ताट परत देताना खमीस छातीला हात लावून मान खाली घालायचा, तेवढंच त्याचं बोलणं. आईवडील गेल्यावर सैफनंच त्याला वाढवलं होतं, आणि सैफसमोर तो मोठ्यानं हसतसुद्धा नसे.

मी सांगते आहे ते खाणीचं शेवटचं वर्ष. तांबं विरळ होत चाललं होतं. कोणाला कधी नोटीस मिळेल याचा नेम नव्हता. एकेक क्वार्टर रिकामं व्हायचं, मुलं शाळेच्या बसमधून कमी व्हायची, संध्याकाळी कॉलनीत कोणाच्या तरी घरी खोकी बांधल्याचा चर्रर्र चिकटपट्टीचा आवाज यायचा. बाकीचे आपली बिऱ्हाडं हलवत होते आणि आमचे बाबा रोज अधिक उशिरा घरी येत होते. जाता जाता खालच्या मजल्यावरचं उरलंसुरलं काढून न्यायचं कंपनीच्या मनात होतं, आणि त्याच्या शेजारी जुने, पाण्यानं भरून सोडून दिलेले बोगदे होते. बाबा बैठकीत सांगून आले होते, की त्या दोहोंमधल्या भिंतीला हात लावू नका. त्यांचं कोणी ऐकलं नाही. घरी येऊन ते भाकरीचे तुकडे मोडत बसायचे. आई म्हणायची, सांगितलं ना तुमी, झालं, आता घरी चाला, काहून जीव लावून राहिले या मेल्या खाणीत. बाबा म्हणायचे, माझी माणसं खाली आहेत. त्यांना कसं सोडून येऊ? या एका वाक्यावर त्यांचं रोज वाजायचं, आणि मी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे. खरं सांगते, मी तेव्हा पूर्ण आईच्या बाजूची होते.

तो गुरुवार. तेव्हा ओमानात गुरुवारी-शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून मी घरी होते. सुट्टी असूनही बाबा सकाळीच गेले होते आणि जाताना आईशी धड बोललेही नव्हते. आई परातीत पीठ मळत होती. अचानक ती थांबली. मला वाटलं माझे कान बसले. मग कळलं की पंप थांबलेत. भांडी गप्प झाली होती. आणि मग भोंगा सुरू झाला, लांबच लांब, मध्ये न तुटणारा. तुटक भोंगा म्हणजे सराव, सलग भोंगा म्हणजे खरं, हे कॉलनीतल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. आईनं हात धुतले नाहीत. पिठाचे हात तसेच घेऊन ती चपला न घालता निघाली आणि मी तिच्या चपला उचलून मागे धावले.

भोंगा झाला की बायकांनी कँटीनच्या ओसरीवर जमायचं आणि खाणीकडे जायचं नाही, असा नियम होता. आम्ही जमलो. साठेकाका हिशेबखात्यात, ते जमिनीच्या वरच असायचे, म्हणून काकूंना त्यांची काळजी नव्हती. त्या येऊन आईचा हात धरून बसल्या. ऊन असं की समोरचा डोंगर हलल्यासारखा दिसायचा. कोणीतरी म्हणालं, भिंत फुटली, जुनं पाणी आत शिरलं. नक्की कोणाला काही माहीत नव्हतं. वाट बघणं किती कठीण असतं ते मी आता कोणाला समजावत बसत नाही, ज्यांनी बघितली त्यांना ठाऊक आहे.

शेवटी खाणीच्या रस्त्यावर धूळ उठली आणि खमीसची पिकअप आली. ती थेट आमच्यापाशी थांबली. खमीस उतरला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, डोळे लाल, ओठ कोरडे. त्यानं आईकडे बघून छातीला हात लावला आणि म्हणाला, "बाबा खलास."

आता सांगा. दूध खलास, भांडे खलास, हे रोजचंच. पण आपल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द लागला, आणि सांगणाऱ्याचा चेहरा असा, तर कान काय ऐकेल? मराठी कान मराठीच ऐकेल ना. काकूंनी हंबरडा फोडला. मी ओसरीच्या खांबाला धरलं. आई मात्र उठली आणि पिकअपच्या खिडकीत हात घालून तिनं खमीसच्या सदऱ्याची बाही पकडली. तू काय बोलून राहिला, जीभ झडेल तुझी, अन्न घातलं तुले मी, असं ती मराठीत त्याला वाटेल ते बोलली. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं पुन्हा छातीला हात लावला, पुन्हा शपथेवर म्हणाला, "वल्ला, बाबा खलास," बाही हळूच सोडवून घेतली आणि गाडी फिरवून आला तसा खाणीकडे निघून गेला. त्याच्या पांढऱ्या बाहीवर आईच्या हाताचं पीठ लागलेलं मला दिसलं.

काकूंनी आईला जवळ घेतलं. नागपूरला फोन लावायला हवा, सासरी कळवायला हवं, मी यांना सांगते, असं त्या रडत रडत म्हणत होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरूनही हात फिरवला. आई रडत नव्हती. ती ओसरीच्या कडेला बसून समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती त्रिसरण म्हणते आहे. मी जवळ सरकले तर ती म्हणत होती, मात, मात.

"सैफची बकरी मेली होती ना," ती मला म्हणाली, "तवा तो काय म्हनला होता? खलास नव्हता म्हनला. मात म्हनला होता. बकरी मात. हात असे आडवे करून. मेलं म्हनजे मात. हा खमीस खलास म्हनून गेला."

काकू म्हणाल्या, वहिनी, अहो असं मनाला लावून घेऊ नका, त्याचा चेहरा बघितलात ना. आई म्हणाली, पाह्यला. म्हणूनच मी जातो आता विचारायला. कोणाले फोन नाही लावायचा. कोणालेच नाही. असं म्हणून ती चालू लागली. नियम बियम राहिला बाजूला. मी तिच्यापुढे चपला टाकल्या, तिनं त्या घातल्या, आणि त्या उन्हात आम्ही दोघी खाणीचा चढ चढू लागलो. मला एका श्वासाला वाटायचं बाबा आहेत, दुसऱ्या श्वासाला खमीसचा चेहरा समोर यायचा. काम संपल्याचा निरोप देणाऱ्याचा चेहरा असा असतो का? मी आईला विचारलं नाही. तीही तेच घोकत चालली असणार.

फाटकावर टाइमकीपर होता, केरळी, बाबांशी हिंदीत बोलायचा. आईनं गजातून हात घालून त्याला हलवलं तेव्हा तो म्हणाला, मॅडम, साहब तो ऊपर आ गए थे. बाकीच्यांना घेऊन ते पहिल्याच खेपेला वर आले होते, धड, चालत. आईनं डोळे मिटले आणि फाटकाला कपाळ टेकलं. मी तर तिथेच रडायला लागले. आणि मग त्या माणसानं पुढचं सांगितलं. वर आल्यावर माणसं मोजली तेव्हा सैफ नव्हता. बंद पडलेला खालचा पंप पुन्हा चालू करायला तो तिथेच थांबला होता. हे कळल्यावर खमीस बोगद्यात धावत सुटला. दोघातिघांनी त्याला धरलं, तरी तो ऐकेना. तेव्हा बाबांनी त्याला खांद्याला धरून गाडीत बसवलं आणि सांगितलं, माझ्या घरी जा, मॅडमला सांग बाबांचं काम झालं, बाबा वर आले. हा इथे राहिला तर आत जाईल, म्हणून त्याला मुद्दाम लांब पाठवलं. आणि तो वळणाआड गेल्यावर बाबा दोघांना घेऊन स्वतः परत खाली गेले. त्याला बराच वेळ झाला होता.

म्हणजे निरोप खरा होता, आणि आता शिळा झाला होता. आईनं फाटक उघडायला लावलं. टाइमकीपरनं नियम सांगितला नाही, नुसतं उघडलं.

बोगद्याचं तोंड म्हणजे डोंगरात तिरका खाली जाणारा रुंद रस्ता. तिथे माणसं जमली होती, एक फिरता पंप लावला होता आणि त्याची केविलवाणी फटफट चालू होती. खमीस एका बाजूला दगडावर उकिडवा बसला होता, नजर आतल्या अंधारात. स्वतःचा भाऊ आत असताना हा आमच्या दारी आमचा माणूस सुखरूप असल्याचं सांगायला आला होता, आणि आम्ही त्याची जीभ झडवली होती. आई त्याच्यापासून थोड्या अंतरावर मातीत बसली. तिनं कोणाची तरी पाण्याची बाटली घेतली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्यानं छातीला हात लावला, पण पाणी प्यायला नाही. मग तो पुटपुटत राहिला आणि आईही पुटपुटत राहिली, बुद्धं सरणं गच्छामि, एक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी दोघांच्या मध्ये बसले होते. आज मी मस्कतमधल्या अल मवालेहच्या भाजीबाजारात गर्दीत कोणी असं ओठ हलवताना दिसलं की टोपली तशीच ठेवून बाहेर येते. मुलगा म्हणतो, आई, तुला गर्दीचा त्रास होतो. होत असेल.

ऊन डोंगराच्या मागे गेलं. खालच्या मशिदीतली बांग झाली. आणि मग आतून दिवा दिसला, हलत हलत वर येणारा. मी उठले. आई उठली नाही, तिनं माझा फ्रॉक धरून ठेवला. पुढे एक माणूस, मागे दुसरा, आणि त्यांच्या मागे बाबा, छातीपर्यंत भिजलेले, डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातानं भिंत धरत चालणारे. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. बाबांनी आम्हाला बघितलं. ते आमच्याकडे आले नाहीत. ते सरळ खमीसपुढे जाऊन उभे राहिले.

खमीस उभा राहिला होता. त्यानं विचारलं, "सैफ खलास?"

बाबांनी मान खाली घातली. "हो," ते मराठीतच म्हणाले. "खलास, खमीस. सैफ खलास."

खमीसचा चेहरा उजळला. अल्हम्दुलिल्ला, तो म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. त्यानं बाबांचा ओला हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावला, त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. बाबा रडू लागले. त्यांना वाटलं, मृत्यूतही देवाचे आभार मानणारी ही माणसं, केवढी यांची श्रद्धा. मलाही तसंच वाटलं. मग खमीस बाबांच्या बाजूनं पुढे सरकला आणि बोगद्यात डोकावून बघू लागला, मान वर करकरून, बाजाराच्या गर्दीत आपलं माणूस शोधतात तसं. त्यानं आत हाक मारली. हाकेत हसू होतं. तो उतार उतरायला निघाला, भावाला हात द्यायला.

त्यानं काय ऐकलं ते फक्त आईला कळलं. ती झटक्यानं उठली, धावली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. परक्या पुरुषासमोर इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती, आणि खमीस तर दचकून मागे सरला.

"खमीस," ती म्हणाली. "खलास नाही. मात. सैफ मात."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाबांकडे बघितलं. आईनं त्याची बाही धरली, तीच, पिठाची, आणि तोच शब्द आणखी एकदा, हळू, त्याच्या तोंडाकडे बघून उच्चारला. खमीस होता तिथेच खाली बसला आणि आई बाही न सोडता त्याच्याबरोबर खाली बसली. बाबा माझा दंड धरून मला विचारत राहिले, मी पण तेच सांगितलं ना गं, मी तेच सांगितलं होतं ना.